थंडीनं करपलेलं नवं लॉन कसं सावरायचं? नाशिककरांसाठी पायरी-पायरीनं

दिवाळीच्या सुमारास नवं लॉन घातलं, महिनाभर छान हिरवं राहिलं, नाताळपर्यंत पिवळं पडलं आणि जानेवारीत पार तपकिरी झालं. नाशिकमधल्या नव्या बंगल्यांच्या आणि रो-हाउसच्या अंगणात दर हिवाळ्यात हे घडतं. तुमच्याकडे घडलं असेल तर आधी एवढंच करा: काही उपटू नका आणि काही ओतू नका. बहुतेक वेळा गवत मेलेलं नसतं, थंडीमुळे थांबलेलं असतं. त्याचा जीव जातो तो नंतरच्या घाईच्या उपचारांनी.

दुसरी गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचा सगळा लेख तिच्यावर उभा आहे. नाशिकमध्ये नव्या लॉनची खरी कसोटी जानेवारीत नसते, एप्रिलमध्ये असते. फेब्रुवारीच्या मध्यावर थंडी सैल पडते आणि मार्च सरता सरता दुपारचा पारा पस्तिशी ओलांडतो. मधे मिळतात जेमतेम सहा-सात आठवडे. तेवढ्यात मुळं खाली गेली तर लॉन उन्हाळा काढतं. नाही गेली, तर वरून हिरवं दिसणारं गवतही मे महिन्यात वाळून जातं. म्हणून माझा सगळा भर पानं हिरवी करण्यावर नसून मुळं धरवण्यावर आहे.

थंडीत नेमकं काय होतं

आपल्याकडे लॉनसाठी लावतात ती जवळजवळ सगळी गवतं उष्ण हवेची आहेत. सिलेक्शन वन हे हरळीच्या कुळातलं, झपाट्यानं पसरणारं. मेक्सिकन हे झोयसिया कुळातलं, दाट पण सावकाश वाढणारं. दोघांनाही ३० अंशांच्या आसपासची हवा मानवते. पारा १५ च्या खाली राहू लागला की वाढ मंदावते. रात्री सतत १० च्या खाली जाऊ लागल्या की पानातला हिरवा रंग जातो आणि गवत आपला जीव जमिनीलगतच्या गाभ्यात आणि खोडांत राखून ठेवतं.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं, हवा कोरडी असते, त्यामुळे दिवसा साठलेली ऊब रात्री भराभर निघून जाते. शहरात पारा दहाच्या खाली जाणं नेहमीचंच, आणि निफाडच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचे आकडे तर पाचच्याही खाली गेलेले आपण पेपरात वाचतो. आडगाव, मखमलाबाद, म्हसरूळ अशा मळ्यांलगतच्या मोकळ्या भागात राहत असाल तर तुमच्या अंगणातली पहाट मेन रोडवरच्या पहाटेपेक्षा जास्त गार असते, हे गृहीत धरा. थंड हवा जड असते. ती सखल जागी साचते, म्हणून एकाच लॉनचा खोलगट कोपरा आधी करपतो.

जुनं लॉन हे सगळं सोसतं, कारण त्याची मुळं वीतभर खाली गेलेली असतात. दिवाळीत घातलेल्या लादीची, म्हणजे मातीसकट आणून अंथरलेल्या गवताच्या तुकड्याची, मुळं डिसेंबरपर्यंत दोन बोटंही खाली गेलेली नसतात.

काय काय हाताशी लागेल

हत्यारं फार नाहीत. तारेचा पंजा, खराटा, मजबूत दातांचा गार्डन फोर्क किंवा टोकदार पहार, लांब पात्याचा स्क्रू-ड्रायव्हर, खुरपं, विळा, दोन घमेली, बारीक चाळणी, पाइपाला लावायचा झारीसारखा फवारा. लॉन मोठं असेल तर कापायचं मशीन लागेल, पण ते पहिल्या महिन्यात नको.

साहित्य: पूर्ण कुजलेलं आणि चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत, धुतलेली वाळू, थोडी पोयट्याची माती, युरिया अर्धा किलो, फेरस सल्फेट थोडं. हे सगळं कुठल्याही कृषी सेवा केंद्रात आणि नर्सरीत मिळतं. द्राक्षाच्या जिल्ह्यात राहण्याचा हा फायदा आहे. विद्राव्य खतांची जी नावं दुसऱ्या शहरांत शोधावी लागतात, ती इथं दुकानदाराला तोंडपाठ असतात.

कागदही सांभाळा. लॉन घालणाऱ्याचं बिल, त्यावर गवताची जात आणि घातल्याची तारीख लिहून घेतलेली हवी. दर रविवारी एकाच जागी उभं राहून काढलेला एक फोटो. मातीचा आणि बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल असेल तर उत्तम. नसेल तर मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सरकारी मृद चाचणी प्रयोगशाळेत चौकशी करा. खर्च मोठा नसतो, आणि पाण्यातले क्षार नि मातीतली चुनखडी कळली की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

१. आधी बघा, गवत जिवंत आहे का

तीन परीक्षा आहेत. तिन्ही करा, आणि लॉनच्या चार-पाच वेगवेगळ्या जागी करा.

पहिली, ओढून बघण्याची. तपकिरी गवताची मूठ धरून हलकेच वर ओढा. विरोध जाणवला तर मुळं धरलेली आहेत. सगळं सहज हातात आलं तर तिथली मुळं गेली आहेत किंवा कधी धरलीच नव्हती.

दुसरी, गाभ्याची. खुरप्यानं एक लहान तुकडा उचला आणि पानं बाजूला सारून मातीला चिकटलेला जाडसर भाग बघा. तो पांढरट, मलईच्या रंगाचा किंवा फिका हिरवा असेल आणि वाकवल्यावर लवत असेल, तर जीव आहे. तपकिरी असेल आणि काडीसारखा कट्‌कन मोडत असेल, तर तो गेला.

तिसरी परीक्षा मला सगळ्यांत भरवशाची वाटते. तळहाताएवढा तुकडा मातीसकट काढा, कुंडीत बसवा, दक्षिणेच्या खिडकीत किंवा गॅलरीत उबेला ठेवा आणि रोज थोडं पाणी द्या. रात्री कुंडी घरात घ्या. दहा ते चौदा दिवसांत गाभ्यातून हिरवे कोंब निघाले, तर बाहेरचं लॉनही ऊब आली की फुटणार आहे. मेक्सिकन असेल तर आणखी आठवडाभर वाट बघा.

या परीक्षा होईपर्यंत लॉन घालणाऱ्याशी भांडू नका आणि तो 'सगळं काढून नवीन टाकू' म्हणाला तर होकारही देऊ नका. जानेवारीत घातलेली नवी लादी त्याच थंडीत, त्याच मातीवर पडणार आहे.

२. तपकिरी रंगाचं कारण ओळखा

सगळा दोष थंडीवर ढकलला की उपाय चुकतो. डाग कसा आणि कुठे पडलाय ते नीट बघा.

थंडीचा परिणाम साधारण सगळीकडे सारखा दिसतो. पानं टोकाकडून वाळतात, उघड्यावर आणि खोलगट जागी जास्त. झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला गवत थोडं हिरवं राहतं.

पाणी कमी पडलं असेल तर फरशीच्या कडेनं, पायवाटेलगत आणि दोन लाद्यांच्या सांध्यावर पट्टे पडतात. हिवाळ्यात आपण पाणी विसरतो, पण नाशिकची कोरडी हवा आणि वारा नव्या लादीतला ओलावा ओढत राहतात. गोल गोल चकत्या, आणि त्यांच्या कडेला सकाळी कोळ्याच्या जाळ्यासारखी तार दिसली तर ती बुरशी. गालिच्यासारखी गुंडाळून उचलता येणारी लादी, खाली पांढऱ्या, इंग्रजी सी आकाराच्या अळ्या: ही हुमणी. ती पावसाळ्यात अंड्यातून निघते आणि हिवाळ्याच्या तोंडापर्यंत मुळं खाते, त्यामुळे नुकसान आधीचं असतं, दिसतं थंडीत. वाळलेल्या गवतावर मातीचा पातळ थर चढलेला असेल तर वाळवी. ठरावीक जागी करपलेला गोल आणि त्याभोवती गडद हिरवी कड दिसली तर ती कुत्र्याच्या लघवीची.

आणखी एक कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ते सावलीचं. नाशिक सुमारे २० अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो की इमारतीची सावली उत्तरेला जवळजवळ तिच्या उंचीइतकीच पडते. वीस फुटांचं घर असेल तर उत्तरेकडचं वीसेक फूट अंगण दोन महिने उन्हाला पारखं. तेच अंगण मे महिन्यात बघितलं तर सूर्य डोक्यावर, सगळीकडे ऊन, आणि आपण खुशाल तिथं लॉन घालतो. सिलेक्शन वनला रोज किमान सहा तास ऊन हवं. मेक्सिकन थोडी सावली सोसतं. उत्तरेच्या पट्ट्यात सिलेक्शन वन असेल तर ते दर हिवाळ्यात मार खाणार. तिथं लॉनचा हट्ट सोडून फरशी किंवा सावलीतली झाडं हा मार्ग जास्त शहाणपणाचा.

३. थंडी असेपर्यंत फक्त सांभाळा

जानेवारीत करायचं काम कमी आणि टाळायचं जास्त.

माती सुकू देऊ नका. ओलसर माती दिवसाची ऊब धरून ठेवते, कोरडी माती पटकन गार पडते. द्राक्षबागायतदार थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे पाणी सोडतात, त्यामागे हाच विचार असतो. बोअरचं पाणी पहाटे कोमट असतं, पण घरच्या लॉनला पाणी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान दिलेलं चांगलं. संध्याकाळी दिलं की पानं रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी बर्फासारखं गार असतं, ते थेट मारू नका.

दव असताना लॉनवर चालू नका, मुलांनाही जाऊ देऊ नका. ज्या पहाटे दवबिंदू गोठतात, त्या पहाटे पाऊल पडलं की पान आतून फाटतं आणि दोन दिवसांनी पावलांचे काळे ठसे उमटतात. ऊन वर आल्यावर खराट्यानं किंवा पाइप जमिनीवरून ओढून उरलेलं दव झाडून टाका. बुरशी रोखायचा याहून स्वस्त उपाय नाही.

लॉन लहान असेल आणि कडाक्याची रात्र येणार असेल तर जुन्या सुती चादरी किंवा शेतकरी वापरतात ते क्रॉप कव्हर संध्याकाळी अंथरा आणि सकाळी न चुकता काढा. प्लास्टिकचा कागद नको. तो पानाला चिकटतो आणि ऊन आलं की खाली गवत भाजतं.

आता सापळे. युरिया टाकू नका. थांबलेलं गवत तो घेत नाही, आणि एखाद्या उबदार आठवड्यात घेतलाच तर कोवळा फुटवा येतो आणि पुढच्या थंडीत जळतो. ऊब मिळावी म्हणून ताज्या शेणाचा जाड थर देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तीही नको. कच्च्या शेणातून हुमणीची अंडी, लव्हाळ्याच्या गाठी आणि गाजरगवताचं बी येतं, आणि थराखाली गवत गुदमरतं. 'टॉनिक' म्हणून कुणी बाटली दिली तर ती फेब्रुवारीपर्यंत कपाटात राहू द्या.

४. सुरुवात कधी करायची

तारखेवर जाऊ नका, रात्रीच्या तापमानावर जा. सलग आठवडाभर पहाटेचा गारठा ओसरलेला राहिला की कामाला लागा. शहराच्या मध्यवर्ती भागात हे साधारण फेब्रुवारीच्या मध्यावर होतं, आडगाव-ओझरकडे आठ-दहा दिवस उशिरा. 'होळी जळाली, थंडी पळाली' हे खरं, पण होळीपर्यंत थांबलात तर हातातले निम्मे दिवस गेले. गवत स्वतः सांगतं: तपकिरी पानांच्या तळाशी हिरवी टोकं दिसू लागली की वेळ झाली.

५. झाडझूड आणि पहिली हलकी कापणी

माती थोडी सुकलेली असताना तारेच्या पंजानं अगदी हलक्या हातानं मेलेली पानं ओढून काढा. पंजाचे दात मातीत रुतता कामा नयेत. दोन्ही दिशांनी एकेकदा पुरे. जुन्या लॉनला या वेळी बुडापर्यंत कापतात, ते बघून तुम्ही तसं करू नका. नव्या लॉनची खोडं अजून जमिनीत शिरलेली नसतात.

विळ्यानं किंवा कात्रीनं फक्त वरची वाळलेली टोकं घ्या. पुढेही नियम एकच: एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. पहिल्या उन्हाळ्यात सिलेक्शन वन चार सेंटिमीटरच्या आसपास राहू द्या. मेक्सिकनला वरचेवर कापावंही लागत नाही.

६. लादी आणि जमीन एकजीव करा

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच वगळतात.

नाशिकच्या नव्या घरांभोवतीची जमीन म्हणजे दोनांपैकी एक: मूळची काळी माती, नाहीतर बांधकामाचा भराव, ज्यात मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कचरा असतो. त्यावर येते लादी, ती अनेकदा वेगळ्याच, लाल किंवा चिकण मातीत वाढवलेली. दोन मातींच्या मधे एक पडदा तयार होतो. पाणी वरच्या दोन बोटांत अडतं, मुळं तिथंच गोल फिरतात. उन्हाळ्यात काळी माती आकसून भेगा पडल्या की लादी वरच्यावर सुटी होते. थंडीत करपलेलं लॉन तपासताना सहज हातात आलेले तुकडे बहुतेक असे असतात. थंडी निमित्त होते.

उपाय कष्टाचा आहे, पण अवघड नाही. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी, माती ओलसर पण चिकट नसताना, गार्डन फोर्क सरळ आठ-दहा सेंटिमीटर खोल रुतवा, थोडा हलवा आणि बाहेर काढा. प्रत्येक १०-१५ सेंटिमीटरवर असं करत जा. नवीन लादी फोर्काबरोबर उचलली जात असेल तर पायाशी फळी ठेवून तिच्यावर उभं राहून काम करा. ही भोकं लादीतून खालच्या मातीपर्यंत पोचली पाहिजेत, नाहीतर उपयोग नाही. ५०० चौरस फुटांना दोन माणसांची एक सकाळ लागते.

मग वरून थर द्या: दोन भाग धुतलेली वाळू, एक भाग पोयट्याची माती, एक भाग चाळलेलं कुजलेलं शेणखत. जाडी अर्धा सेंटिमीटर, त्याहून जास्त नको. ५०० चौरस फुटांना हे मिश्रण सुमारे २३० लिटर, म्हणजे सोळाएक घमेली लागतं. खराट्याच्या उलट्या बाजूनं ते भोकांत ढकला. गवताची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत. क्रश सँड वापरत असाल तर ती धुतलेलीच घ्या. धूळ असलेली क्रश सँड भोकांत सिमेंटसारखी बसते. नुसती वाळू काळ्या मातीवर पसरू नका, वरचा थर सुकतो आणि खालचा चिखल राहतो.

उठलेल्या कडा आणि सांधे हातानं दाबा, मधल्या फटी याच मिश्रणानं भरा. रोलर फिरवायचा मोह टाळा. ओल्या काळ्या मातीवर रोलर फिरला की तुम्ही आत्ताच पाडलेली भोकं बुजली म्हणून समजा. फळी ठेवून तिच्यावरून चालणं पुरेसं आहे.

७. पाणी: क्वचित पण भरपूर

एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडलं की एक मिलिमीटर होतं. ५०० चौरस फूट म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. एका पाळीला १० मिलिमीटर द्यायचं तर ४६० लिटर लागतात, हजार लिटरच्या टाकीची जवळजवळ निम्मी. रोज संध्याकाळी दहा मिनिटं पाइप धरून उभं राहणं, हे मनाला बरं वाटतं पण मुळं वरच राहतात.

फवारा कुठे किती पडतो ते कळायला लॉनवर चार-पाच सरळ कडांचे डबे ठेवा आणि पट्टीनं मोजा. एका तासानं स्क्रू-ड्रायव्हर मातीत दाबा. १० सेंटिमीटर सहज गेला तर पाणी पोचलं. काळी माती पाणी सावकाश पिते, म्हणून एकदम सोडलेलं वाहून जातं. अर्धं द्या, अर्धा तास थांबा, उरलेलं द्या.

फेब्रुवारीअखेर तीन-चार दिवसांनी, मार्चच्या शेवटी दोन दिवसांआड, एप्रिलमध्ये एक दिवसाआड, हा अंदाज धरा आणि स्क्रू-ड्रायव्हरचं ऐकून बदला. जमिनीला भेगा पडू देऊ नका.

पाणी कुठलं वापरता तेही महत्त्वाचं. महापालिकेचं गंगापूर धरणातून येणारं पाणी पिण्याचं आहे, उन्हाळ्यात ते लॉनवर ओतणं मला पटत नाही. बोअरचं पाणी वापरा, पण ते क्षारट असेल तर मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी साय येते. तशी दिसली तर महिन्यातून एकदा दुप्पट पाणी देऊन क्षार खाली ढकला. आरओ मशीनचं फेकून द्यायचं पाणी लोक सरळ लॉनवर सोडतात. त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात, तेव्हा नुसतं ते वापरू नका. वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणीही नको, त्यातल्या सोडियमनं काळी माती आणखी घट्ट होते. भाज्या-तांदूळ धुतलेलं चालेल.

८. खत, निम्मं लॉन हिरवं झाल्यावरच

निम्म्याहून जास्त जागा हिरवी झाली की ५०० चौरस फुटांना २५० ग्रॅम युरिया. तो घमेलंभर चाळलेल्या मातीत नीट मिसळा, दोन भाग करा, एक भाग उत्तर-दक्षिण आणि दुसरा पूर्व-पश्चिम फेकत जा. पानं कोरडी असली पाहिजेत, आणि फेकून झाल्या झाल्या पाणी हवं. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एकदा, तेवढंच. मूठ भरून फेकला की हिरव्याऐवजी जळके ठिपके मिळतात.

कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसत असतील तर नत्र, म्हणजे युरिया, वाढवू नका, ती लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी उतरत्या उन्हात फवारा. फरशीवर उडालं तर गंजाचे डाग कायमचे बसतात, म्हणून शहाबादी किंवा कोटा असेल तर आधी पाणी मारून ती ओली करून घ्या.

९. रिकाम्या जागा भरणं

ज्या जागी तिन्ही परीक्षांत गवत मेलेलं निघालं आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काही फुटलं नाही, तिथला मेलेला भाग खरवडून काढा. खालची माती वीतभर खणा, विटांचे तुकडे वेचा, कुजलेलं खत मिसळा. मग त्याच लॉनच्या चांगल्या कडेतून दोन इंची गड्डे काढून १५-२० सेंटिमीटर अंतरावर लावा. सिलेक्शन वन पावसाळ्याच्या तोंडापर्यंत जागा भरत आणतं, मेक्सिकनला पुढचा पावसाळाही लागेल.

नर्सरीतून तुकडा आणायचा तर स्वतःच्या लॉनचा एक तुकडा हातात घेऊन जा आणि पान पानाशी लावून बघा. गंगापूर रोडच्या नर्सरीत 'मेक्सिकन' मागितलं तरी समोर काय ठेवलंय ते आपणच बघायचं. दोन जाती मिसळल्या की लॉन कायम ठिगळांचं दिसतं, आणि त्यांची कापणी, पाणी, रंग काहीच जुळत नाही.

रिकाम्या जागेत लव्हाळा पहिला येतो. तो वरून उपटू नका, खालची गाठ राहते आणि एकाचे चार होतात. पाणी दिल्यावर खुरप्यानं गाठीसकट काढा. आंबुशीचंही तसंच.

गड्डे लावायची मुदत एप्रिलच्या मध्यापर्यंत. त्यानंतर लावलेलं ४० अंशांत टिकत नाही. उरलेल्या जागेवर पालापाचोळा टाका आणि मृगाची वाट बघा. निम्म्याहून जास्त लॉन मेलं असेल तर डागडुजीत पैसे घालू नका. उन्हाळाभर जमीन खणून तापू द्या, भराव काढा, जून-जुलैत पाऊस लागल्यावर नव्यानं घाला. लॉन घालणाऱ्याशी बोलायचं तेही आता: हातात फोटो आहेत, बिल आहे, कुंडीतली परीक्षा झाली आहे. 'थंडीनं गेलं' असं तो म्हणाला तर त्याला लादी उचलून खालची माती दाखवा.

१०. पुढच्या थंडीची तयारी

दसरा झाला की नवं लॉन घालायचं नाही, कुणी कितीही स्वस्तात देत असलं तरी. ऑक्टोबरच्या अखेरीस द्राक्षवाले वापरतात तेच ००:००:५० हे पालाशाचं खत ५०० चौरस फुटांना २५० ग्रॅम घ्या, झारीतल्या भरपूर पाण्यात विरघळवून सगळीकडे सारखं द्या. पालाशानं गवताची थंडी सोसायची ताकद वाढते. नोव्हेंबरच्या मध्यानंतर युरिया बंद. शेवटच्या दोन कापण्यांत मशीनची उंची एक सेंटिमीटरनं वाढवा, म्हणजे गाभ्यावर पानांचं पांघरूण राहील. खोलगट कोपरे पावसाळ्यातच थोडं थोडं मिश्रण टाकून वर आणा. हुमणी सापडली असेल तर जूनमध्ये पहिल्या पावसानंतर कडुनिंबावर आणि बाभळीवर संध्याकाळी जमणारे तिचे भुंगेरे झाडं हलवून गोळा करा, साबणाच्या पाण्यात टाका, आणि ओल असताना मेटारायझियम ही हुमणीला मारणारी बुरशी मातीत द्या. शेजाऱ्यांनाही सांगा. भुंगेरे कंपाउंड ओळखत नाहीत, एकट्या घरानं करून भागत नाही.